मीठ, साखळी आणि १६.६

आजचा भाग मिठाचा आहे. दांडीयात्रा नाही, मिठागरं नाहीत, रक्तदाबही नाही. पाण्यात विरघळलेल्या लांबलचक रेणूंवर चिमूटभर मीठ पडलं की काय होतं, आणि ते का होतं हे कळायला माणसांना इतकी वर्षं का लागली, त्याची ही गोष्ट.

आधी एक प्रयोग सांगतो, घरी करता येईल असा. बाळाचा एक नवा डायपर घ्या, मधला कापूस उकला आणि त्यातली पांढरी भुकटी एका ग्लासात झटकून घ्या. नाकातोंडात जाऊ देऊ नका. त्यावर आरओचं पाणी ओता. अर्ध्या मिनिटात ग्लासात बर्फाच्या चुऱ्यासारखी जेली तयार होते, ग्लास उलटा केला तरी पडत नाही. आता त्यावर चमचाभर मीठ घाला आणि ढवळा. जेली ढासळते, पाणी सुटतं, थोड्या वेळाने ग्लासात नुसतं गढूळ पाणी आणि तळाला गाळ. (हे सिंकमध्ये ओतू नका, कचऱ्यात टाका. मिठाशिवायची जेली पाइपात फुगून बसते, मग प्लंबरला बोलवावं लागतं.)

ही भुकटी म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. शुद्ध पाणी असेल तर ती स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरते. पाण्यात ०.९ टक्के मीठ असेल, म्हणजे सलाइनच्या बाटलीतल्याइतकं, तर पन्नासेक पटींच्या आसपास येऊन थांबते.

यातली गंमत नावातच आहे. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. यात सोडियम आधीच आहे! आपण वरून जे मीठ घातलं तेही सोडियमचंच. साखळीला नवीन काही चिकटलं नाही, साखळी तुटली नाही, कुठलीही मोठी रासायनिक अभिक्रिया झाली नाही. मग मिठाने केलं काय?

अशा साखळ्यांना पॉलिइलेक्ट्रोलाइट म्हणतात. लांब रेणू, आणि त्याच्या अंगावर ठरावीक अंतराने विद्युतभार, म्हणजे चार्ज. पॉलिअ‍ॅक्रिलेटवर ऋण चार्ज असतात आणि ते फिटवायला आजूबाजूच्या पाण्यात धन चार्जचे सोडियम आयन फिरत असतात. या फिरणाऱ्यांना काउंटर-आयन म्हणतात. डायपर, शाम्पू, जिलेटिन, डिंक, डीएनए, सगळीकडे हीच मंडळी. त्यामुळे आजची गोष्ट डायपरपासून सुरू होत असली तरी बरीच लांब जाते.

सुरुवात करू न्यूयॉर्कमधून, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तिथल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जाक लोब नावाचे एक जर्मनीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ होते. हे गृहस्थ मिठावरच प्रसिद्ध झाले होते म्हणा ना. १८९९ मध्ये त्यांनी समुद्री अर्चिन नावाच्या प्राण्याची अंडी क्षारांचं प्रमाण बदललेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवली, आणि नराचा काहीही संबंध न येता त्या अंड्यांची वाढ सुरू झाली. वर्तमानपत्रांनी तेव्हा जो काय गोंधळ घातला असेल तो कल्पनेनेच बघा. पुढे सिंक्लेअर लुईसच्या ‘अ‍ॅरोस्मिथ’ कादंबरीतला तो तुसडा, प्रामाणिक शास्त्रज्ञ मॅक्स गॉटलिब रंगवताना लुईससमोर लोबच होते असं मानलं जातं.

आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत लोब जिलेटिनच्या मागे लागले. जेलीत, फोटोच्या फिल्मवर असतं तेच जिलेटिन. तेव्हा प्रथिनांबद्दल एक समजूत होती: ही ‘कोलॉइड’ आहेत, यांना साध्या रसायनशास्त्राचे नियम लागू होत नाहीत, यांचं सगळंच वेगळं. लोबना ही भाषा सहन व्हायची नाही. नियम लागू होत नाहीत म्हणजे तुम्ही नीट मोजलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पीएचची मोजपट्टी १९०९ मध्येच आली होती, पण प्रथिनांवर क्षारांचे प्रयोग करणारे बरेच जण पीएच मोजतच नव्हते. लोबनी जिलेटिनची पूड आधी पीएच ४.७ ला आणली. या ठिकाणी जिलेटिनवरचे धन आणि ऋण चार्ज समसमान होतात. मग त्यांनी तिच्यात थेंबाथेंबाने आम्ल वाढवत नेलं.

निकाल असा: आम्ल वाढतं तसं जिलेटिनवर धन चार्ज वाढतो, आणि ते फुगतं. त्याचं द्रावण दाट होतं, त्याचा परासरण दाब वाढतो. तिन्ही गोष्टी एकदम. पण एका टप्प्यानंतर आणखी आम्ल घातलं की तिन्ही उलट उतरायला लागतात. आणि आम्लाऐवजी त्यात साधं मीठ टाकलं, तरी पीएच तोच राहून तिन्ही उतरतात. मिठातला कुठला आयन काम करतो तर प्रथिनाच्या उलट्या चार्जचा, आणि त्याची संयुजा जितकी जास्त तितका परिणाम जोरात. जास्त संयुजेचे आयन कितीतरी जास्त प्रभावी असतात ही गोष्ट हान्स शुल्झेनी १८८२ मध्येच वेगळ्या प्रकारच्या कोलॉइडवर दाखवली होती, लोबनी ती प्रथिनांवर आकड्यांनिशी मांडली.

त्यांचं स्पष्टीकरण होतं डोनन समतोल. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक डोनन यांनी १९११ मध्ये मांडलेली कल्पना. सोप्या भाषेत: मोठा चार्जवाला रेणू एका जागी अडकून आहे. त्याचे काउंटर-आयन त्याला सोडून लांब जाऊ शकत नाहीत, कारण गेले तर तिथे चार्जचा हिशोब बिघडतो. म्हणजे आतल्या बाजूला आयनांची गर्दी, बाहेर शुद्ध पाणी. मग पाणी आत घुसतं, मनुका भिजत घातल्यावर घुसतं तसं. आता बाहेरच्या पाण्यात मीठ घाला. बाहेरही गर्दी झाली. आत-बाहेर फरक कमी झाला, पाणी आत जायचं कारणच संपलं.

१९२२ मध्ये लोबचं पुस्तक आलं आणि १९२४ मध्ये ते गेले. मला हा माणूस आवडतो, पण एका बाबतीत तो अति ताणत होता. १८८८ मध्ये प्राग शहरात फ्रान्झ हॉफमाइस्टरनी अंड्यातल्या पांढऱ्यावर प्रयोग करून क्षारांची एक उतरंड लावली होती, कुठला क्षार प्रथिनाला किती सहज खाली बसवतो त्याची. लोबच्या मते ती उतरंड म्हणजे बहुतेक पीएच न मोजल्याचा परिणाम. तसं नाही. मीठ भरपूर असेल तेव्हा ती उतरंड खरोखर दिसते, आजही दिसते. पण आपला आजचा विषय थोड्या मिठाचा आहे, आणि तिथे लोबचे आकडे पक्के होते.

मग अडलं कुठे? जेली फुगते हे डोननने समजतं. पण जिलेटिन पूर्ण विरघळल्यावर? तिथे जेलीच नाही, पिशवी नाही, भिंत नाही. मग द्रावण दाट का होतं आणि मिठाने पातळ का होतं? लोबनी उत्तर दिलं की द्रावणात जेलीचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतील आणि ते फुगत असतील. त्याच दशकात हॉलंडमध्ये डिंक आणि अगर यांच्या द्रावणांवर काम चालू होतं, तिथेही थोडं मीठ घातलं की दाटपणा झपकन उतरतो असं दिसत होतं. त्यांचं उत्तर वेगळं: कणांभोवती चार्जचं आवरण असतं, ते वाहताना घासतं, म्हणून दाटपणा वाढतो. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोघांच्याही डोळ्यांसमोर गोळा आहे. दोरा कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही.

कारण दोरा असतो हेच मान्य नव्हतं! हर्मान श्टाउडिंगरनी १९२० मध्ये लिहिलं की रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे हजारो अणूंच्या खऱ्याखुऱ्या, सलग जोडलेल्या साखळ्या आहेत, आणि त्यावर त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. नोबेल मिळालं थेट १९५३ मध्ये. १९३० च्या दशकात त्यांच्या फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल अभ्यासायला घेतलं, प्रथिनांचा सोपा नमुना म्हणून. प्रथिनात वीस प्रकारचे घटक, इथे एकच घटक परत परत. वेर्नर कर्न यांनी त्यावर बरंच मोजमाप केलं. हेच आपल्या डायपरमधल्या भुकटीचं मूळ. त्यांनाही तेच दिसलं: आम्लात कॉस्टिक सोडा घालून चार्ज वाढवला की द्रावण प्रचंड दाट, मीठ टाकलं की पातळ.

पण श्टाउडिंगरच्या मनातली साखळी ताठ होती. काठीसारखी. त्याविरुद्ध वेर्नर कुन १९३४ पासून सांगत होते की अशी साखळी द्रावणात सतत वळवळत असते, तिचा गुंता होतो, आणि त्या गुंत्याचा सरासरी आकार संभाव्यतेच्या गणिताने काढता येतो. पँटच्या खिशातला इअरफोन आठवा, जुन्या वायरवाल्या काळातला. कुन पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले.

आता दुसरा अर्धा भाग लागतो तो मिठाचा. तो १९२३ मध्येच तयार होता. पीटर डिबाय आणि एरिख हुकेल यांनी झ्युरिकमध्ये गणित केलं होतं की मिठाच्या पाण्यात एखादा चार्ज किती लांबपर्यंत जाणवतो. प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयन थोडे जास्त घोटाळतात, ऋणाभोवती धन. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला मधला चार्ज दिसेनासा होतो. हे अंतर किती? लिटरभर पाण्यात ५.८ ग्रॅम मीठ असेल तर साधारण १ नॅनोमीटर. मीठ शंभर पटींनी कमी केलं तर १० नॅनोमीटर. समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. म्हणजे मीठ शंभर पट, अंतर दहा पट, वर्गमुळाचा हिशोब.

दोन्ही तुकडे टेबलावर होते, १९२३ चा आणि १९३४ चा. ते एकत्र यायला १९४८ उजाडलं. मधलं महायुद्ध हे एक कारण असेलच. पण मला वाटतं मोठं कारण हे की मीठवाले आणि साखळीवाले वेगवेगळ्या खोल्यांत बसत होते.

आणि आली तेव्हा तीन ठिकाणी एकदम आली. बाझेलला वेर्नर कुन, ओटो क्युन्झले आणि आहारोन कॅचाल्स्की यांचा लेख. हॉलंडमध्ये हर्मन्स आणि ओव्हरबीक यांचा. अमेरिकेत येल विद्यापीठात रेमंड फुओस आणि उलरिच स्ट्रॉस यांचं काम. तिघांचा गाभा एकच. साखळी लवचिक आहे. तिच्या अंगावरचे सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात, म्हणून ती उलगडते, लांब होते. लांब साखळी पाण्यात जास्त जागा अडवते, म्हणून द्रावण दाट. मीठ घातलं की चार्जना एकमेक दिसत नाहीत, ढकलणं थांबतं, साखळी पुन्हा गुंत्यात जाते, द्रावण पातळ. मिठाने साखळीला हात लावला नाही. साखळीच्या एका भागाला तिचाच दुसरा भाग दिसेनासा केला, बस.

फुओसचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण साधनं किती साधी बघा: काचेची बारीक नळी आणि स्टॉपवॉच. द्रावण नळीतून खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पॉलिमरचं द्रावण पाणी घालून पातळ करत नेलं, तर दर ग्रॅम पॉलिमरमागे दाटपणात पडणारी भर थोडी थोडी कमी होत एका आकड्यावर स्थिरावते. फुओसनी स्वतः बनवलेल्या धन चार्जच्या पॉलिमरवर तेच केलं, तर आलेख उलटा. जितकं पाणी वाढवाल तितकी दर ग्रॅममागची भर वाढतच जाते! जणू प्रत्येक साखळी एकटी पडली की हातपाय पसरते. त्यात पोटॅशियम ब्रोमाइड म्हणजे साधा क्षार टाकला की आलेख पुन्हा शहाण्यासारखा सरळ.

कारण असं की शुद्ध पाण्यात साखळ्यांचे काउंटर-आयन हेच एकमेव ‘मीठ’ असतं. पाणी वाढवलं की तेही विरळ होतं, आणि साखळीला आपलेच चार्ज अधिक लांबून दिसायला लागतात. क्षार वरून घातला की मिठाचं प्रमाण आपल्या हातात राहतं, पाणी किती घातलं यावर ठरत नाही. आज कुठल्याही प्रयोगशाळेत चार्जवाल्या पॉलिमरचा रेणुभार मोजायचा तर आधी द्रावणात मीठ घालतात, ते याच कारणाने. एक पुस्ती जोडतो. नंतर, विशेषतः १९७६ मध्ये द जेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फुओसला वाटत होत्या तितक्या त्या साखळ्या एकट्या नव्हत्या. ताणलेल्या साखळ्या इतकी जागा व्यापतात की पातळ वाटणाऱ्या द्रावणातही त्या एकमेकींत शिरलेल्या असतात. म्हणजे आलेख बरोबर, पण त्यामागचं चित्र आणखी एकदा बदलावं लागलं.

आणि लोब? त्यांचं काय झालं? विरघळलेल्या साखळीबाबत त्यांचं चित्र चुकीचं ठरलं. पण जेलीच्या बाबतीत ते बरोबर निघाले. डायपरमधली भुकटी म्हणजे जागोजागी गाठी मारलेल्या साखळ्यांचं जाळं, आणि ते फुगवण्यातला मोठा वाटा काउंटर-आयनांच्या त्या गर्दीचा, डोननवाल्या स्पष्टीकरणाचाच असतो. चार्ज एकमेकांना ढकलतात म्हणून डायपर फुगतो, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच.

हे नुसतं पुस्तकी नाही. अशी जेली शेतात वापरतात, पाणी धरून ठेवायला. १९७० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून बनलेल्या ‘सुपर स्लर्पर’पासून हा प्रकार गाजला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ बनवलं. पाकिटावर पाणी धरण्याची क्षमता किती पट हे लिहिलेलं असतं तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: कुठल्या पाण्यात? सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यात तो आकडा मिळणार नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम तर दुहेरी चार्जचं, ते दोन साखळ्यांना एकत्र बांधून ठेवतं आणि नुसतं चांगलं पाणी दिलं म्हणून सहज सुटत नाही. डिस्टिल्ड वॉटरमधला आकडा दाखवून शेतकऱ्याला जेली विकणं मला तरी बरोबर वाटत नाही.

परत १९४८ कडे. आहारोन कॅचाल्स्की, जे नंतर कत्झिर हे हिब्रू आडनाव लावू लागले, ते रेहोवोतचे. त्या वर्षी तिथे युद्ध चालू होतं. आहारोन आणि त्यांचे धाकटे भाऊ एफ्राइम दोघंही हगाना या सशस्त्र संघटनेच्या विज्ञान तुकडीत होते. त्यानंतर दोघंही वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये, आहारोन पॉलिमर विभागाचे प्रमुख.

आहारोनना साखळीच्या आकुंचन-प्रसरणात स्नायू दिसत होता. १९४९-५० मध्ये त्यांनी आणि कुन यांनी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे असे जेली-धागे दाखवले की अल्कली घातली की लांबतात, आम्ल घातलं की आखडतात, आणि वजनही उचलतात. रसायनाची ऊर्जा थेट हालचालीत, मध्ये उष्णता नाही, वीज नाही. १९६६ मध्ये स्टाइनबर्ग आणि ओप्लात्का यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये एका यंत्राचं वर्णन छापलं. कोलॅजनचा, म्हणजे कातडं आणि स्नायुबंध ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा, पट्टा. तो एकीकडे लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणातून जातो, तिथे आखडतो. दुसरीकडे साध्या पाण्यातून जातो, तिथे पुन्हा सैल पडतो. या ओढाताणीवर चाक फिरतं, आणि खारं पाणी आणि गोडं पाणी यातला फरक हेच इंधन. (इथे मीठ नुसता आडोसा धरत नाही, ते कोलॅजनची घडीच मोडतं. हॉफमाइस्टरच्या घराण्यातलं काम हे.) ते यंत्र कारखान्यात कधी गेलं नाही. पण आज ‘कृत्रिम स्नायू’ म्हणून जे जेली-रोबो बनतात त्यांच्या लेखांत पहिला संदर्भ बरेचदा याच लोकांचा असतो.

आणि स्पर्धा म्हणाल तर, १९४८ मध्ये एकाच शर्यतीत धावलेले फुओस आणि कॅचाल्स्की १९५१ मध्ये एकाच लेखाचे लेखक आहेत! तिसरं नाव श्नेओर लिफ्सन, कॅचाल्स्कींचे विद्यार्थी. हे नाव लक्षात ठेवा. त्या लेखात त्यांनी विचारलं: साखळी पूर्ण ताणून काठीसारखी झाली तर तिच्याभोवती काउंटर-आयन कसे पसरतील?

या प्रश्नात एक आश्चर्य दडलेलं होतं. जपानमध्ये फुमिओ ओसावा आणि नंतर १९६९ मध्ये अमेरिकेत जेराल्ड मॅनिंग यांनी ते बाहेर काढलं. काठीवर चार्ज फार दाट बसवले तर काउंटर-आयन लांब जाऊच शकत नाहीत, ते काठीवर येऊन बसतात, गार काचेवर वाफ जमते तसे. याला मर्यादा आहे: पाण्यात साधारण ०.७ नॅनोमीटर लांबीमागे एकच चार्ज उघडा राहू शकतो. डीएनएवर दर ०.१७ नॅनोमीटरला एक ऋण चार्ज असतो. भागाकार करून बघा. सुमारे तीन चतुर्थांश चार्ज सोडियमने झाकलेले असतात, वरून मीठ घातलं नाही तरीसुद्धा. म्हणजे कागदावर डीएनएचा जो चार्ज लिहितात तो त्याला कधी पूर्ण वापरायलाच मिळत नाही. ओसावा पुढे अ‍ॅक्टिन या स्नायूतल्या प्रथिनाकडे वळले. अ‍ॅक्टिनचे ऋण चार्जचे सुटे गोळे क्षार घातला की एकमेकांना जोडून धागा बनवतात. मीठ आणि स्नायू, तीच जोडी, वेगळ्या दाराने.

आहारोन कत्झिरनी त्यानंतर ओरा केदेम यांच्यासोबत पडद्यातून पाणी आणि क्षार कसे जातात याची समीकरणं दिली, १९५८ मध्ये. डायलिसिसचा हिशोब करणारे ती आजही वापरतात. ३० मे १९७२ ला ते लोद विमानतळावर होते. जपानी रेड आर्मीचे तीन जण, पॅलेस्टिनी संघटना पीएफएलपीसाठी काम करणारे, विमानातून उतरले, सामान घेतलं, बॅगांतून बंदुका काढल्या आणि गर्दीवर गोळ्या झाडल्या. २६ लोक मेले. त्यातले १७ पोर्तो रिकोहून आलेले यात्रेकरू होते. आहारोन कत्झिर त्या २६ मध्ये होते. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ एफ्राइम इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. पॉलिमरच्या इतिहासावरच्या लेखांत हे सगळं एका ओळीत, जन्ममृत्यूच्या कंसात आटपलेलं असतं.

आता लिफ्सनकडे. त्यासाठी डीएनएकडे जावं लागेल. डीएनएच्या दोन साखळ्या, दोन्ही ऋण, तरी एकमेकींना मिठी मारून. हा प्रश्न इतका सोपा नाही की लायनस पॉलिंगसारखा माणूसही त्यात घसरला. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी आणि कोरी यांनी छापलेल्या रचनेत तीन साखळ्या होत्या आणि फॉस्फेट मधोमध, एकमेकांना खेटून. त्यासाठी फॉस्फेटवरचा चार्जच काढून टाकलेला. म्हणजे ते आम्ल उरलंच नव्हतं. रोझलिंड फ्रँकलिन आधीपासून सांगत होत्या की फॉस्फेट बाहेरच्या बाजूला, पाण्यात असणार. बाहेरच निघाले.

पण बाहेर असले तरी ते एकमेकांना ढकलतातच. मग मीठ कमी केलं तर? दोन साखळ्या लवकर सुटतात, कमी तापमानाला. मीठ वाढवलं तर जास्त तापमान लागतं. १९६५ मध्ये कार्ल शिल्डक्राउट आणि आपले लिफ्सन यांनी याचा आकडा दिला: सोडियम दहापट वाढवलं की साखळ्या सुटण्याचं तापमान सुमारे १६.६ अंश सेल्सियसने वर जातं. केळ्यातून डीएनए काढायचा शाळेतला प्रयोग माहीत असेल, भांड्याच्या साबणात मीठ घालतात आणि मग गार अल्कोहोल. तिथलं मीठ चवीपुरतं नसतं. फॉस्फेट झाकले गेले की मगच डीएनएचे धागे एकमेकांजवळ येऊन तरंगतात.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा आकडा मला पुस्तकात नाही, कोडमध्ये भेटला. बायोपायथन नावाची मुक्त लायब्ररी आहे. तिच्यात पीसीआरचे प्राइमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, किती तापमानाला सुटतील हे काढायचं मॉड्यूल आहे. त्यातल्या मिठाच्या दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये सरळ लिहिलंय: १६.६ गुणिले सोडियमचा लॉग. कोड रिव्ह्यूमध्ये असा उघडा आकडा दिसला तर आम्ही लगेच विचारतो, हा कुठून आणला? इथे उत्तर तिथेच दिलंय, शिल्डक्राउट आणि लिफ्सन, १९६५. कोविडच्या काळात नाकातल्या काडीचा रिपोर्ट यायचा, त्या चाचणीतही प्राइमर चिकटतात की सुटतात हा हिशोब मिठासकटच करावा लागतो.

पीसीआरच्या मिश्रणात सोडियम-पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियमही असतं, दुहेरी चार्जचं. त्यासाठी त्याच फंक्शनमध्ये आणखी एक ओळ आहे. मॅग्नेशियमच्या प्रमाणातून डीएनएच्या सुट्या घटकांनी धरून ठेवलेला वाटा वजा करायचा, त्याचं वर्गमूळ घ्यायचं, १२० ने गुणायचं आणि तेवढं सोडियम आहे असं धरायचं. वजाबाकी बाजूला ठेवली तर १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम हे जवळपास १४७ मिलिमोलर सोडियमच्या बरोबरीला जातं. चार्ज फक्त दुप्पट, काम शंभरपटीच्या घरात. शुल्झेनी १८८२ मध्ये डोळ्यांनी गढूळपणा बघून जे लिहिलं होतं ते हेच.